शिक्षा संपते केव्हां?

आमचें अंथुर्णें गांव बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी, उंसाचे फड आणि आषाढी वारीच्या दिवसांत या वाटेनें जाणारी तुकोबारायांची पालखी, एवढें सांगितलें म्हणजे परक्या माणसास गांवाची ओळख पुरते. या गांवांतल्या माझ्या ओसरीवर कांहीं वर्षांपूर्वीं एक प्रसंग घडला. तो तसा अगदीं लहान. पाहणाऱ्यास त्यांत कांहींच दिसलें नसतें. परंतु माझ्या मनास तो असा लागून राहिला आहे कीं, पस्तीस-छत्तीस वर्षें मुलांना नीतिपाठ शिकविणाऱ्या माणसानें तो एकदां सांगून टाकावा, हेंच बरें.

दिवेलागणीची वेळ होती. बारामतीकडून येणारी एस्. टी. थांबली आणि तींतून एक माणूस उतरला. हातांत कापडी पिशवी, केस बारीक कापलेले, चाल जपून टाकलेली. तो सरळ माझ्या पायऱ्यांशीं आला आणि खालींच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, सुटलों."

मीं त्याला ओळखलें. तो माझाच विद्यार्थी. येरवड्याच्या कारागृहांतून सुटून तो गांवांत परत आला होता आणि स्वतःच्या घरीं जाण्याआधीं माझ्याकडे आला होता. मी "बरें झालें" असें कांहींसें पुटपुटलों. 'ये, बैस' हे दोन शब्द मात्र माझ्या तोंडून निघाले नाहींत. मीं पाणीहि विचारलें नाहीं. तो क्षणभर थांबला, पायरीला हात लावून त्यानें नमस्कार केला आणि अंधारांत निघून गेला. दारीं आलेल्या अनोळखी वाटसरूसही आमच्या घरांत गूळपाणी मिळतें. त्या दिवशीं माझ्याच विद्यार्थ्याला तें मिळालें नाहीं.

त्याचें नांव येथें लिहीत नाहीं. तें लिहिण्याचा मला अधिकार नाहीं. हकीकत थोडक्यांत अशी. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या शेतकऱ्याशीं त्याची एका रात्रीं बांधावर बाचाबाची झाली. शब्दाला शब्द वाढला, हातांतलें फावडें उचललें गेलें आणि एक घाव वर्मीं बसून समोरचा मनुष्य दुसऱ्या दिवशीं वारला. मारण्याचा हेतु नव्हता हें न्यायालयानें मान्य केलें. पण गेलेला माणूस त्यामुळें परत येत नाहीं. सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. खटला चालू असतांना काढलेले दिवस धरून व चांगल्या वर्तनाची माफी मिळून सुमारें सात वर्षें आंत काढल्यावर तो सुटला.

आपल्यासारख्या सुशिक्षित घरांत हा विषय निघाला म्हणजे कोणीतरी म्हणतें, "या गोष्टींशीं आपला काय संबंध?" संबंध आहे. पेढींतील हिशेबांत हात घालणारा कारकून, मोटार भरधांव हांकून एखाद्याचा जीव घेणारा तरुण, सहीच्या भरंवशावर दुसऱ्याच्या व्यवहारांत अडकलेला सज्जन गृहस्थ, हीं माणसें कोणत्या घरांतून येतात? शिवाय तुरुंगांत असणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरलेला असतो, हीहि समजूत चुकीची आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालच्या अखेरीस देशांतील कारागृहांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक माणसें अशीं. त्यांतील कित्येक पुढें निर्दोष सुटतात. परंतु 'आंत जाऊन आला' हा शिक्का त्यांच्या कपाळावरहि बसतोच. निकालावांचून दिवस कंठणाऱ्यांची ही संख्या पाहूनच १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत, पहिल्याच वेळीं आरोपी झालेल्या कच्च्या कैद्यानें त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आंत काढला असल्यास त्यास बंधपत्रावर सोडावें, अशी तरतूद केलेली आहे. ज्या गुन्ह्यांस फांशीची वा जन्मठेपेची शिक्षा आहे, ते यांतून वगळले आहेत.

तुरुंगवास कसा सोसावा, हें महाराष्ट्रानें आपल्या थोर पुरुषांच्या चरित्रांतून पुष्कळ वाचलें आहे. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत गेले. त्या एकशें एक दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुस्तकरूपानें लिहून ठेविली. १९०८ सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस नेलें. तेथें त्यांनीं 'गीतारहस्य' पेन्सिलीनें लिहून काढलें, एवढें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. 'श्यामची आई' हें पुस्तक गुरुजींनीं पुढें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. गांधीजींनीं येरवड्यास सूत कातण्याचा नेम चालविला. पेटींत मावणाऱ्या चरख्यास 'येरवडा चरखा' हें नांव त्याच तुरुंगावरून पडलें.

या सर्व चरित्रांत एक गोष्ट समान दिसते. दिवसाला कांहींतरी बांधणी असल्यावांचून बंदिवासांत माणूस टिकत नाहीं. लेखन असो, कातणें असो, पाठांतर असो. उद्यां सकाळीं उठून कांहीं करावयाचें आहे, एवढा आधार मनाला लागतो. माझ्या विद्यार्थ्यानें पुढें मला जें सांगितलें, तेंहि हेंच. पहिलें वर्षभर तो भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजीत असे आणि रात्रीं झोंप येत नसे. त्याच्या बराकींतील एका म्हाताऱ्या कैद्यानें त्याला एकदां म्हटलें, "अरे, मोजायला शिपाई आहेत. सकाळ-संध्याकाळ गिनती करतात. तूं कशाला मोजतोस?" त्यानंतर त्यानें सुतारकामाच्या शेडमध्यें काम मागून घेतलें. रंधा हातांत आला आणि त्याचें चित्त थोडें स्थिर झालें. मिळणाऱ्या मजुरींतून थोडे पैसे तो घरीं पाठवूं लागला. "पैसे थोडेच होते, गुरुजी, पण मनिऑर्डर करतांना आपण अजून घरचे आहों असें वाटायचें," असें तो म्हणाला.

याबाबतींत अलीकडे सरकारनें व संस्थांनीं केलेल्या कांहीं सोयी वाचकांस ठाऊक असाव्यात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या परीक्षांस तुरुंगांतून बसतां येतें. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनें २०२२ सालीं येरवड्यास 'जिव्हाळा' नांवाची कर्जयोजना सुरू केली. तींत कैद्याच्या मजुरीच्या भरंवशावर त्याच्या कुटुंबाच्या गरजेसाठीं ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळूं शकतें. संचित रजा, अभिवचन रजा यांमुळें योग्य कारणासाठीं कांहीं दिवस घरीं येतां येतें. आपल्या प्राचीन ग्रंथकारांसहि हा विषय अपरिचित नव्हता. बंदिवानाचें झोंपणें, बसणें, जेवण व शरीरधर्म यांस आडकाठी करणाऱ्या अधिकाऱ्यास कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दंड सांगितला आहे.

परंतु आंतल्या कोणत्याहि सोयीपेक्षां बाहेरून येणारें पत्र मोठें असतें. टिळक मंडालेस असतांना १९१२ सालीं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. ज्याच्या धैर्याची सर्वत्र ख्याती होती, अशा पुरुषासहि तो आघात दूरच्या कोठडींत एकट्यानें सोसावा लागला. माझ्या विद्यार्थ्याची आई त्याच्या पांचव्या वर्षीं गेली. रजेचा हुकूम हातीं पडून तो गांवीं पोंचला तेव्हां राख सावडून झाली होती. त्याआधीं आईची पत्रें शेजारचा शाळकरी मुलगा लिहून देत असे; ती गेल्यावर पत्रें थांबलीं. बायको वर्षांतून तीन-चार वेळां मुलाखतीस जाई. एका भेटीसाठीं तिचा पुरा दिवस मोडे, त्या दिवसाची मजुरी बुडे आणि बोलण्यास मिळत तीं थोडीं मिनिटें. आणि मीं, ज्यानें त्याला अक्षर शिकविलें त्या मीं, सात वर्षांत एक कार्ड लिहिलें नाहीं.

आतां परत येण्याविषयीं. राजकीय बंदी परत येतो तेव्हां घरचे लोक त्याला ओवाळतात, गांव हार घेऊन उभा राहतो. लोकमान्यांस १९१४ च्या जूनांत मध्यरात्रीच्या सुमारास गायकवाडवाड्याच्या दाराशीं आणून सोडलें. उजाडतांच ती वार्ता शहरभर झाली आणि दर्शनाला रीघ लागली. साधा कैदी सुटतो तेव्हां त्याच्या सुटकेची वार्ताहि गांवभर होते. पण ती ऐकून लोक दारें ओढून घेतात. दोघांच्या तुरुंगाच्या भिंती सारख्याच असल्या, तरी दुसऱ्याचा खरा तुरुंग पुष्कळदां घरच्या उंबऱ्यापासून सुरू होतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या घरीं काय झालें, तें मला मागाहून कळलें. धाकट्या भावांनीं त्याला बाहेर काढलें नाहीं. पण गोठ्याशेजारच्या खोलींत त्याची पथारी टाकली. जेवण तेथेंच पोंचे. पुतणीला पाहण्यास पाहुणे येणार होते त्या दिवशीं, "दादा, तेवढा आजचा दिवस तुम्ही मळ्यांत थांबा," असें भावानें सांगितलें. तो थांबला. शिधापत्रिकेवरून त्याचें नांव निघालें होतें, बँकेंतील खातें बंद पडलें होतें, आणि भाजीवाल्याच्या हातगाडीवर चौकोनी ठिपक्यांची पाटी पाहून, ती कशाची, हें विचारण्याचीहि त्याला लाज वाटे. पहांटे गिनतीच्या वेळीं तो दचकून उठून बसे. त्याच्या बायकोनें माझ्या घरीं सांगितलेली एक गोष्ट मी विसरूं शकत नाहीं. कित्येक दिवस तो बंद दारापाशीं जाऊन नुसता उभा राही. कडी आंतूनच होती. पण कोणीतरी येऊन दार उघडील, याची तो वाट पाही. सात वर्षांत दार स्वतःच्या हातानें उघडण्याची सवयच गेली होती.

या प्रश्नाचें एक उत्तर आपल्या महाराष्ट्रांतच फार पूर्वीं शोधलें गेलें. सूर्यनमस्कारांच्या प्रसारामुळें औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि जुन्या घरांतून परिचित आहेत. त्यांनीं १९३९ सालीं गांधीजींच्या सल्ल्यानें आपल्या संस्थानांत प्रजेस स्वराज्याची घटना दिली. त्या कार्यांत मॉरिस फ्रीडमन नांवाचे, मूळचे पोलंडचे, अभियंते त्यांचे साहाय्यक होते. निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचें इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच गृहस्थ. फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून राजेसाहेबांनीं त्याच वर्षीं माणदेशांत आटपाडीजवळ कैद्यांची एक मोकळी वसाहत स्थापिली आणि तिला 'स्वतंत्रपूर' हें नांव दिलें. भिंत नाहीं, बेड्या नाहींत. उजाड जमीन, शेतीचीं अवजारें आणि विश्वास, एवढेंच भांडवल. खुनासारख्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारे कैदीहि तेथें आणले गेले.

स्वतंत्रपुराचें जें वैशिष्ट्य मला सर्वांत मोलाचें वाटतें, तें भिंतींच्या अभावापेक्षां निराळें आहे. तेथें कैदी आपल्या बायकामुलांसह राहूं शकतो. शिक्षा चालू असतांनाच तो नवरा असतो, बाप असतो, शेताचा राखणदार असतो. सुटकेच्या दिवशीं त्याला ही नातीं नव्यानें शिकावीं लागत नाहींत. १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट याच प्रयोगावर आधारलेला होता आणि त्याची कथा माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांची होती. बोलपट देशभर गाजला, देशाबाहेरहि गौरविला गेला. मूळ गांव मात्र पुष्कळांस ठाऊक नाहीं. औंध संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, तरी ती वसाहत मोडली नाहीं. राज्याच्या कारागृह खात्यानें ती चालविली. पुढें येरवड्यास व पैठणासहि खुलीं कारागृहें झालीं. पळून जाण्यास वाट मोकळी असतां माणूस पळत नाहीं, याचें कारण त्याला परत मिळालेली पत, असेंच म्हणावें लागतें.

मी संस्कृताचा अभ्यासक. स्वतंत्रपुराविषयीं वाचीत असतां मला स्मृतिग्रंथांतील एका विधीची आठवण झाली. 'घटस्फोट' हा शब्द आज आपण पति-पत्नींच्या फारकतीस लावतों. मूळ विधि निराळा. महापातक्यास नातलग वाळीत टाकीत, तेव्हां गांवाबाहेर जमून तो मेलाच असें समजून पाण्यानें भरलेला घट दासीकडून पायानें लवंडवीत आणि पुढें त्याच्याशीं बोलणें, बसणें, वांटणी देणें बंद करीत. एवढा भाग सर्वांस ठाऊक आहे. परंतु मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत तेथेंच पुढें दुसरा विधि सांगितला आहे, तो आपण विसरलों. त्या माणसानें प्रायश्चित्त पुरें केलें म्हणजे त्याच नातलगांनीं त्याच्यासह पवित्र जलाशयांत स्नान करावें, पाण्यानें भरलेला नवा घट त्या जलांत सोडावा. मग त्यानें आपल्या घरीं जावें आणि नात्याचीं सर्व कृत्यें पूर्ववत् करावीं. ज्यानें प्रायश्चित्त केलें त्याची पुढें कधींहि घृणा करूं नये, अशी आज्ञाहि तेथेंच आहे. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत, राजानें दिलेला दंड भोगलेला अपराधी निर्मल होऊन पुण्यवंतासारखाच स्वर्गास जातो, असें म्हटलें आहे.

या ग्रंथांत वर्णावर्णांत भेद करून कमीअधिक दंड सांगणारीं वचनें आहेत. तीं अन्यायाचीं असून आज सर्वस्वीं त्याज्य आहेत. त्यांची भलावण मी करीत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, ज्या परंपरेच्या नांवानें आपण माणसाला दूर लोटतों, त्या परंपरेनेंहि दूर लोटण्याचा एक विधि आणि जवळ घेण्याचा दुसरा, असे दोन विधि शेजारीं शेजारीं ठेविले होते. आपण पहिला तेवढा पाठ केला. नव्या घटाच्या विधींत स्नान एकट्या अपराध्याला सांगितलेलें नाहीं; नातलगांनाहि त्याच्याबरोबर पाण्यांत उतरावयास सांगितलें आहे, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें.

येथें एक रास्त शंका निघते. ज्याचा मनुष्य गेला, त्या घराचें काय? माझ्या गांवांत त्या मृताची पत्नी आहे, मुलगा आहे. त्यांचें घर माझ्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे. त्यांनीं क्षमा करावी, असें त्यांना सांगण्याचा अधिकार मला नाहीं, गांवाला नाहीं आणि अपराध्याला तर मुळींच नाहीं. त्याला हें ठाऊक आहे. आजहि तो त्यांच्या दारावरून जात नाहीं, लांबच्या वाटेनें जातो. त्यांचें दुःख त्यांचें आहे आणि त्याला मुदत नाहीं. पण आपण बाकीचे लोक त्यांच्या दुःखाचें नांव पुढें करून जें करतों, तें पुष्कळदां त्यांच्यासाठीं नसतें. त्या विधवेच्या शेताची नांगरट कोणी करून दिली काय, मुलाच्या फीला हातभार कोणी लावला काय, असें विचारलें तर आम्ही गप्प बसलों असतों. एका घराला मदत करावयाची नाहीं आणि दुसऱ्या माणसाला जवळ घ्यावयाचें नाहीं, याला न्याय म्हणतां येत नाहीं.

माझ्या घरांतील गांठ सुटली ती माझ्या शहाणपणानें नव्हे. त्याला येऊन वर्ष होत आलें होतें. पालखी गांवावरून जात होती. रस्त्याच्या कडेला कोणीतरी रांजण मांडून वारकऱ्यांना पाणी देत होतें. जवळ जाऊन पाहतों तों तो. वारकरी पाणी पीत, "माउली" म्हणून त्याला नमस्कार करीत आणि पुढें जात. त्याच्या हातचें पाणी पिण्याआधीं कोणी त्याला नांव विचारलें नाहीं. मी कितीतरी वेळ उभा होतों. पण पुढें होऊन पाणी मागण्याचें धैर्य मला त्याहि दिवशीं झालें नाहीं.

पुढच्या उन्हाळ्यांत नातवाची मुंज निघाली. पंगतीचे जुने पाट मोडकळीस आले होते. ते दुरुस्त करण्यास त्याला बोलवावें, असें मीं घरांत सुचविलें. आमचें घर एकत्र. भाऊ, भावजया, सुना मिळून सोळा माणसें. लगेच दोन तट पडले. "मंगलकार्याच्या घरांत तो माणूस नको," असें धाकट्या भावजयीनें स्पष्ट सांगितलें आणि तिच्या म्हणण्याला घरांत आधारहि होता. माझी आत्या तेव्हां नव्वदीच्या घरांत होती. ती इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा बेचाळीसच्या चळवळींत येरवड्याला जाऊन आले, तेव्हां आईनें त्यांना दारांत ओवाळलें होतें. ह्याला ओवाळूं नका; पण निदान पाणी तरी विचारा."

दुसऱ्या दिवशीं मी स्वतः त्याच्या घरीं गेलों. त्यानें पांच दिवस आमच्या अंगणांत बसून चोवीस पाट नीट केले. मजुरी ठरवून घेतली होती, ती दिली. मुंजीच्या दिवशीं तो जेवावयास आला आणि अंगणाच्या कडेला उभा राहिला. मीं त्याला म्हटलें, "ये, बैस." हे दोन शब्द उच्चारण्यास मला दीड वर्षाहून अधिक काळ लागला. तो पंगतींत बसला. कोणीहि उठून गेलें नाहीं. भावजयीनें त्याला वाढलें. बोलली मात्र नाहीं.

या अनुभवानंतर ज्या घरांवर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. माणूस आंत असतांना दर महिन्यास एक पत्र जावेंच. त्यांत उपदेश नको, घरचें वर्तमान असावें. गाय व्याली, आंब्याला मोहर आला, मुलगा अमुक इयत्तेंत गेला, एवढें पुरे. मुलांना "बाबा परदेशीं गेले" अशा थापा देऊं नयेत. त्यांच्या वयाला पेलेल असें खरें सांगावें, कारण शाळेंत तें त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळणारच असतें. सुटकेच्या दिवशीं घरचें एक तरी माणूस दरवाजाशीं उभें असावें. पहिल्या महिन्यांतच शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचें खातें हीं कामें कोणीतरी बरोबर जाऊन करून द्यावींत. झोंप न लागणें, दचकणें, गप्प बसून राहणें हीं लक्षणें महिना-दोन महिने टिकलीं तर डॉक्टरांस दाखविण्यांत कमीपणा मानूं नये. व्यसनाची शंका असेल तर तें आधीं करावें.

काम लौकर द्यावें आणि त्याची मजुरी चोख द्यावी. दयेनें दिलेलें काम माणसाला वांकवितें. विश्वास एकदम सगळा टाकावा, असेंहि माझें म्हणणें नाहीं. पहिल्या दिवशीं तिजोरीची किल्ली देऊं नये. पण वाण्याकडे शंभराची नोट देऊन धाडावें, उरलेले पैसे घ्यावेत आणि त्याच्यादेखत मोजूं नयेत. गुन्ह्याची हकीकत पाहुण्यांसमोर विचारूं नये. आणि घरांत मंगलकार्य असेल त्या दिवशीं त्याला मळ्यांत पाठवूं नये.

तो आज गांवांत सुतारकाम करतो. दोन मुलांना त्यानें हाताखालीं घेतलें आहे. त्याच्या भावांनीं गोठ्याशेजारची खोली अजून बदललेली नाहीं. पण पुतणीच्या लग्नांत मांडवाचे खांब त्यानेंच उभे केले. मृताच्या मुलास शिक्षणासाठीं आम्हीं गांवांतल्या कांहीं जणांनीं मिळून मदत चालू केली आहे. त्यांत त्यालाहि वांटा द्यावयाचा होता; तो त्या घरानें घेतला नाहीं आणि त्यानें आग्रह केला नाहीं.

न्यायालयानें सांगितलेली शिक्षा अमुक तारखेस संपली, असा दाखला त्याच्यापाशीं आहे. आमच्या घरापुरती ती नातवाच्या मुंजीच्या दिवशीं संपली. गांवांत अजून कांहीं घरें आहेत. परवां आमच्या ओसरीच्या दाराची चौकट बसवून झाल्यावर त्यानें दार दोनदां उघडून लावून पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, आतां अडत नाहीं." मीं त्याला पाणी आणून दिलें, आणि आम्ही दोघे पायरीवर बसलों.